दोन बरण्या: जाडं मीठ आणि बारीक मीठ यांत खरा फरक कुठे आहे

माझ्या भाचीला दिवस गेलेत, तिसरा महिना चालू आहे. मागच्या आठवड्यात तिचा फोन आला, "मावशी, नेहमीचं पाकिटातलं मीठ मी बंद केलं. नैसर्गिक समुद्री मीठ मागवलंय. त्यात सगळी खनिजं असतात म्हणे. बरं केलं ना?" मागोमाग पिशवीचा फोटो आला. जाड कागदी पिशवी, आत करड्या रंगाचे टपोरे खडे. मागच्या बाजूला बारीक अक्षरात बरंच काही लिहिलेलं. मी फोटो मोठा करून दोनदा वाचला. आयोडीनचा उल्लेख कुठेही नव्हता.

त्या दिवशी तासभर आम्ही मिठावरच बोललो. तिला जे सांगितलं तेच इथे जरा सवडीने लिहितेय, कारण हा प्रश्न आता घरोघरी विचारला जातो आणि त्याची उत्तरं बहुतेक वेळा मीठ विकणाऱ्यांकडूनच येतात.

मीठ पिकतं कसं

उरण-पेणकडे, सिंधुदुर्गात शिरोड्याला किंवा गोव्यात आगरवाड्याला मीठ 'तयार होत' नाही, मीठ 'पिकतं'. पिकवतात ती जागा मिठागर, आणि आगरावर राबणारे म्हणून आगरी. पावसाळा संपला की बांध नीट करायचे, वाफ्यांची जमीन पायांनी तुडवून घट्ट करायची, मग उधाणाच्या भरतीला खाडीचं पाणी आत घ्यायचं. पुढचं काम ऊन आणि वारा करतात. पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असं सरकवत नेतात आणि प्रत्येक टप्प्यावर ते दाट होत जातं. मार्च-एप्रिलच्या दुपारी शेवटच्या वाफ्याकाठी उभं राहिलं तर पाण्यावर पातळ साय धरल्यासारखी दिसते. ती मिठाची साय. बघता बघता ती फुटते, तळाशी बसते, आणि लांब दांड्याच्या लाकडी फळीने ती ओढून बांधावर तिची रास घालतात.

या सगळ्यात एक रसायनशास्त्र दडलेलं आहे आणि दोन मिठांमधला फरक समजायला तेच उपयोगी पडतं. समुद्राच्या १ लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार विरघळलेले असतात. त्यातले सुमारे २७ ग्रॅम म्हणजे आपलं खायचं मीठ, सोडियम क्लोराइड. म्हणजे किलोभर मिठासाठी निदान ३७ लिटर समुद्र आटवावा लागतो. उरलेल्या क्षारांत मुख्य मॅग्नेशियमचे, मग कॅल्शियम आणि पोटॅशियमचे. पाणी आटताना हे सगळे एकदम खाली बसत नाहीत, प्रत्येकाची पाळी ठरलेली असते. आधी चुना बसतो. पाणी साधारण पाचव्या हिश्श्यावर आलं की जिप्सम, म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिस ज्यापासून करतात ते. पाणी दहाव्या हिश्श्यापर्यंत आटलं की मिठाचे खडे धरू लागतात. आणि सगळ्यात शेवटपर्यंत पाण्यातच राहतात ते मॅग्नेशियमचे क्षार. मीठ ओढून घेतल्यावर वाफ्यात जे दाट पाणी उरतं ते जिभेला लावून बघा, जहर कडू लागतं. जाणता आगरी हे पाणी वेळेवर काढून टाकतो. हावरेपणाने सगळंच आटू दिलं तर मीठ कडू होतं आणि त्याला भाव येत नाही.

हे नीट लक्षात घ्या. समुद्राच्या पाण्यातली खनिजं मिठात उतरू न देणं हेच आगऱ्याचं कसब आहे. पिढ्यान्‌पिढ्या मिठागरावर ज्याला चांगलं मीठ म्हटलं गेलं, ते हे कमी खनिजांचं, पांढरं, टणक, कोरडं मीठ. 'खनिजांनी समृद्ध' हे कौतुक पिशवीवर अलीकडे आलं.

पाकिटातलं मीठही समुद्राचंच

पाकिटातलं बारीक मीठ कारखान्यात रसायनं मिसळून बनवतात असा पुष्कळांचा समज आहे. तसं नाही. भारतातलं तीन-चतुर्थांशाहून जास्त मीठ गुजरातमध्ये पिकतं, आणि त्यातलं बहुतेक समुद्राच्याच पाण्याचं. कच्छच्या छोट्या रणातले अगरिया मात्र जमिनीखालचं खारं पाणी उपसून मीठ पिकवतात. म्हणजे ते मीठ दिसायला कितीही नैसर्गिक असलं तरी आजच्या समुद्रातून आलेलं नाही. आपण बारीक आणि जाडं असे दोन गट पाडतो, पण त्यांचा उगम अनेकदा एकाच आगरात असतो.

फरक पुढच्या कामात आहे. शुद्ध करायचं मीठ आधी खाऱ्याच पाण्यात धुतात. साध्या पाण्यात धुतलं तर मीठच वाहून जाईल, पण मिठाने आधीच भरलेल्या पाण्यात आणखी मीठ विरघळत नाही, फक्त माती आणि वरचे कडू क्षार निघून जातात. मग दळून वाळवतात. याहून शुद्ध हवं असेल तर मिठाचं पाणी करून त्यातलं मॅग्नेशियम-कॅल्शियम खाली बसवतात आणि ते पाणी बंद भांड्यात, हवा काढून, कमी तापमानाला उकळतात. त्यातून एकसारखे बारीक दाणे पडतात. १९८३ मध्ये टाटा सॉल्ट बाजारात आलं ते या पद्धतीचं, गुजरातमधल्या मिठापूरचं. त्याआधी बहुतेक घरांत वाण्याकडच्या पोत्यातलं सुटं जाडं मीठच यायचं, आणि आमटीत टाकण्याआधी ते निवडावं लागायचं.

हे मीठ ब्लीच करून पांढरं करतात ही आणखी एक अफवा. मिठाचा स्वच्छ खडा काचेसारखा पारदर्शक असतो. तो बारीक केला की पांढरा दिसतो, जशी काच कुटली की पांढरी दिसते. करडा रंग येतो तो वाफ्यातल्या चिखलामुळे. घरी करून बघा. काचेच्या पेल्यात पाणी घेऊन चमचाभर जाडं मीठ विरघळवा आणि तासभर हलवू नका. तळाला काळसर गाळाची एक रेघ दिसेल, काही वेळा पांढरी भुकटीही. रेघ म्हणजे वाफ्यातली माती आणि भुकटी म्हणजे न विरघळलेलं जिप्सम. यात घाबरण्यासारखं काही नाही. कायद्यानेही खाण्याच्या मिठात किमान ९६ टक्के सोडियम क्लोराइड असावं आणि न विरघळणारा भाग १ टक्क्याच्या आत असावा इतकीच अट आहे.

समुद्रात प्लास्टिक आहे, म्हणून मिठातही आहे. २०१८ मध्ये आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी भारतीय बाजारातली मिठं तपासली तेव्हा त्यांना त्यात प्लास्टिकचे सूक्ष्म कण सापडले. समुद्राचं पाणी आटवण्याआधी वाळूच्या गाळणीतून सोडलं तर त्यातले बरेचसे अडवता येतात, असंही त्यांनी दाखवलं. तेव्हा 'नैसर्गिक' या शब्दाने कोणतंही मीठ आजच्या समुद्रापासून वेगळं होत नाही.

खनिजांचा हिशोब

आता भाचीचा मूळ मुद्दा, खनिजं. असतात का? असतात. किती? इथे पाटी-पेन्सिल घेऊन बसायला हवं.

कच्च्या समुद्री मिठात मॅग्नेशियम अर्धा टक्का आहे असं धरू, हे उदारपणेच धरलं. दिवसाला ५ ग्रॅम मीठ खाल्लं तर त्यातून २५ मिलिग्रॅम मॅग्नेशियम मिळेल. मोठ्या माणसाची रोजची गरज ३०० ते ४०० मिलिग्रॅमची आहे. ज्वारीच्या एका बेताच्या भाकरीतून याच्या तिप्पट सहज मिळतं, आणि मूठभर शेंगदाण्यांतूनही याहून जास्त. पोटॅशियमचं तर विचारूच नका. एका केळ्यात जितकं असतं तितकं मिठातून घ्यायचं म्हटलं तर मिठाने माणूस आजारी पडेल. लोह, जस्त आणि ती पिशवीवरची '८४ खनिजं' अगदी कणमात्र असतात. त्या यादीत शिशासारखे नको ते धातूही मोजलेले असतात, हे कोणी सांगत नाही.

मला या प्रचाराचा खरा राग येतो तो यासाठी. ज्वारी, बाजरी, नाचणी, शेंगदाणे, पालेभाज्या ज्या घरात रोज शिजतात त्या घराला कोणी पटवून द्यावं की तुमच्या अन्नात खनिजं कमी आहेत, ती आमच्या मिठातून घ्या. आणि त्या नादात जे एक मूलद्रव्य मिठातूनच मिळत होतं तेच घरातून जावं.

आयोडीन

"पण समुद्राच्या मिठात नैसर्गिक आयोडीन असेलच ना?" भाचीने विचारलं. प्रश्न चांगला आहे, बहुतेकांना तसंच वाटतं. पुन्हा हिशोब करू. समुद्राच्या १ लिटर पाण्यात आयोडीन असतं सुमारे ६० मायक्रोग्रॅम. मोठ्या माणसाला रोज हवं १५० मायक्रोग्रॅम. म्हणजे अडीच लिटर समुद्र आटवून त्यातलं सगळं आयोडीन खाली बसलं असं मानलं, तरी ते मिळवायला ६५ ग्रॅमहून जास्त मीठ खावं लागेल. आणि प्रत्यक्षात आयोडीन खाली बसतच नाही. काही उडून जातं, बाकीचं त्या कडू पाण्याबरोबर निघून जातं. मासे आणि समुद्री शेवाळ आपल्या अंगात आयोडीन साठवतात, म्हणून मासे खाणाऱ्याला ते मिळतं. मिठाच्या खड्याला ती युक्ती जमत नाही. सैंधवाचंही तेच. ते प्राचीन, आटलेल्या समुद्राचं मीठ, गुलाबी रंग त्यातल्या लोहाचा, आयोडीन जवळजवळ शून्य.

आयोडीन लागतं गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीला. ते कमी पडलं की ग्रंथी फुगते, त्याला गलगंड म्हणतात. पण गलगंड हा फक्त डोळ्यांना दिसणारा भाग. पोटातल्या बाळाचा मेंदू घडताना आईच्या थायरॉइडमधला स्राव लागतो. पहिले तीन महिने तर बाळाची स्वतःची ग्रंथी कामालाच लागलेली नसते, ते सर्वस्वी आईवर अवलंबून असतं. त्या काळात आयोडीनची फार कमतरता झाली तर जन्मभराचं मंदत्व येऊ शकतं, आणि ते नंतर कशानेही भरून निघत नाही. म्हणून गर्भारपणी जागतिक आरोग्य संघटनेने रोजची गरज १५० नव्हे तर २५० मायक्रोग्रॅम सांगितली आहे. भाचीची पिशवी बघून माझा जीव खालीवर झाला तो यामुळे.

आपल्या देशाने हा धडा मोठ्या कष्टाने मिळवला आहे. १९५६ पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिमालयातल्या कांगडा खोऱ्यात एक प्रयोग केला. तिथे गलगंड घरोघरी होता, कारण पावसाने आणि बर्फाने डोंगरउतारांवरच्या मातीतलं आयोडीन धुऊन नेलेलं. खोऱ्याचे तीन भाग केले. दोन भागांत आयोडीन घातलेलं मीठ पुरवलं, तिसऱ्यात साधं. काही वर्षांत पहिल्या दोन भागांत मुलांमधला गलगंड निम्म्यावर किंवा त्याहून खाली आला. तिसऱ्यात होता तसाच राहिला. मग तिथेही आयोडीनचं मीठ दिलं आणि तिथेही तो उतरला. याच कामाच्या बळावर १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. पुढे पाहण्या झाल्या तसं कळलं की हा आजार फक्त डोंगराचा नाही. मैदानी राज्यांतही तो होता, महाराष्ट्रही त्यातून सुटला नव्हता.

मीठच का निवडलं? कारण गरीब-श्रीमंत सगळे ते खातात, रोज खातात, आणि कोणीही एकदम वाटीभर खात नाही. मिठात मिसळतात ते पोटॅशियम आयोडेट, आणि तेही फार थोडं. दुकानातून घरी येईपर्यंत मिठाच्या दर दहा लाख भागांत निदान १५ भाग आयोडीन टिकलं पाहिजे असा नियम आहे. १ ग्रॅम मिठात १५ मायक्रोग्रॅम असा तो हिशोब. त्याची चव लागत नाही, वास येत नाही. आशाताई मिठाच्या चिमटीवर एक थेंब टाकून बघतात आणि मीठ निळं-जांभळं होतं, त्या थेंबाने दिसतं ते हेच आयोडीन.

थेट खाण्यासाठी बिनआयोडीनचं मीठ विकायला भारतात बंदी आहे. ही बंदी २००० मध्ये उठवली होती, २००६ मध्ये पुन्हा आली आणि आता अन्नसुरक्षेच्या नियमांत आहे. जतनासाठी, जनावरांसाठी किंवा कारखान्यांसाठी बिनआयोडीनचं मीठ विकता येतं, पण तसं पाकिटावर लिहावं लागतं. म्हणून जाडं मीठ घेताना पुढचं चित्र नको, मागची बारीक अक्षरं वाचा. आयोडीनयुक्त जाडं मीठही बाजारात मिळतं, हे अनेकांना माहीत नसतं.

बारीक मिठात दाणे चिकटू नयेत म्हणून आणखी एक पदार्थ अगदी थोडा घालतात. काही कंपन्या सिलिका वापरतात, काही फेरोसायनाइड. दुसऱ्याच्या नावात सायनाइड आहे म्हणून मोबाइलवर भीतीचे संदेश फिरतात. त्यातला सायनाइडचा भाग लोहाला इतका घट्ट जखडलेला असतो की आपल्या पोटात तो सुटत नाही. तरीही मनाला पटत नसेल तर तो न घातलेलं आयोडीनयुक्त जाडं मीठ घ्या, हरकत काहीच नाही.

जाड्या मिठाची जागा

मग जाडं मीठ टाकून द्यायचं? मुळीच नाही. त्याची कामं वेगळी आहेत आणि ती बारीक मिठाला जमत नाहीत.

कोळीणबाई मासळी खारवायला जाडंच मीठ का घेते ते बघा. बारीक मीठ माशाला लागलं की भराभर विरघळतं, वरच्या थरातलं पाणी एकदम ओढून घेतं, तो थर कडक होतो आणि मीठ आत शिरायला वाटच राहत नाही. वरून खारट आणि आतून कच्चा असा मासा बिघडतो. जाडा खडा हळूहळू विरघळतो, थोडं थोडं आत मुरतो. लोणच्याच्या कैरीचंही तसंच. शिवाय कच्च्या मिठातलं थोडंसं कॅल्शियम फोडी करकरीत राहायला मदत करतं. तिथे खनिजांचं श्रेय मी आनंदाने देते. तळलेल्या बांगड्यावर किंवा कापलेल्या पेरूवर दाताखाली येणारा एखादा खडा जी मजा देतो ती बारीक मिठात नाही. ते मीठ जिभेवर एकसारखं पसरतं, खडा मात्र एका ठिकाणी लख्खकन लागतो.

फक्त मापाला जपा. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर मी सपाट चमचा तोलून पाहिला. बारीक मीठ ६ ग्रॅम भरलं, जाडं पावणेपाच. खड्यांच्या मध्ये हवा असते ना. 'जाडं मीठ कमी खारट' हा समज यातूनच आलाय. आईच्या हातचं लोणचं तिच्याच मापाने करूनही सुनेकडे खारट होतं, त्यामागेही पुष्कळदा हेच असतं. आईची वाटी जाड्या मिठाची असते आणि सून बारीक भरते. लोणच्याला मीठ तोलूनच घ्यावं.

पावसाळ्यात जाड्या मिठाच्या बरणीत पाणी सुटतं, तेही त्या कडू क्षारांमुळे. शुद्ध मीठ हवेत सुमारे ७५ टक्के दमटपणा झाल्यावर ओलं होऊ लागतं. मॅग्नेशियम क्लोराइडला मात्र तेहतीस-चौतीस टक्केही पुरे. कोकणातल्या आषाढात मग काय होणार! जुन्या बायका मीठ टोपलीत ठेवून खाली भांडं ठेवायच्या, कडू पाणी ठिबकून गेलं की उरलेलं मीठ कोरडं आणि गोडसर व्हायचं. आयोडीनचं मीठ मात्र असं ठिबकू देऊ नये, त्या पाण्याबरोबर आयोडीनही जातं. ते घट्ट झाकणाच्या कोरड्या बरणीत, शेगडीपासून आणि उन्हापासून दूर ठेवायचं. ओला चमचा घालायचा नाही. आमटी-भाजीत जमेल तितकं शेवटी घालायचं.

आमच्या बोलण्यात रक्तदाबही निघाला, कारण भाचीच्या सासऱ्यांनी "सैंधवाने बीपी वाढत नाही" म्हणून हात सैल सोडलाय. रक्तदाब वाढवतं ते सोडियम, आणि कोणत्याही मिठाचा सुमारे ४० टक्के भाग सोडियमच असतो. जाडं, बारीक, गुलाबी यांत फरक असला तर एक-दोन टक्क्यांचा. दिवसाला ५ ग्रॅमच्या आत राहावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आपण सरासरी ८ ग्रॅमच्या घरात खातो. पापड, लोणचं, फरसाण, सुकट, पाव हे सगळं त्यातच धरायचं. सासऱ्यांना खरोखर वेगळं मीठ हवं असेल तर ज्यात सोडियमच्या काही भागाऐवजी पोटॅशियम असतं ते आहे. चीनमधल्या ६०० खेड्यांत सुमारे २१,००० लोकांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा मिठाने पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी घटलं. पण मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी किंवा पोटॅशियम वाढवणाऱ्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. गर्भार बाईनेही आपलं आपण सुरू करू नये.

भाचीने त्याच संध्याकाळी आयोडीनचं पाकीट आणलं, आणि पुढच्या तपासणीला डॉक्टरांना आयोडीनच्या गोळीबद्दल विचारायचं कागदावर लिहून ठेवलं. करड्या खड्यांची पिशवी तिने चिनीमातीच्या बरणीत ओतली आणि वर चिठ्ठी चिकटवली: 'लोणचं व मासे'. चैत्रात कैऱ्या आल्या की मी जाणार आहे तिच्याकडे, माझा वजनकाटा घेऊन.